ज्याचा चेंडू त्याचा डाव

सानपाड्यातील आमच्या वसाहतीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास खिडकीशी उभे राहिले, की खालच्या मोकळ्या जागेतून एक वाक्य हमखास कानी येते : ‘ज्याची बॅट त्याची बॅटिंग!’ माझ्या लहानपणीही हे वाक्य होते आणि ते म्हणणारा मुलगा बहुधा खेळात बेताचाच असे. मुलांनी या नियमाला कधी न्याय म्हटले नाही. पण त्यावाचून खेळ सुरूच होत नाही, म्हणून सगळ्यांनी तो चालवून घेतला. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत त्याचे रूप थोडे अधिक उग्र असते. ‘गोल धरला नाहीत तर मी चेंडू घेऊन घरी चाललो,’ असे म्हणून एखादा चिरंजीव खरोखरच चेंडू काखेत मारून निघतो, आणि मघापर्यंत त्याच्याशी हुज्जत घालणारे दहा जण त्याच्या मागे विनवण्या करीत धावतात. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते. ते वाटायला लावले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

मी मास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपाशीच थांबले. तेव्हा अर्थशास्त्रावर किंवा संगणकावर अधिकाराने बोलण्याचा माझा हक्क नाही. पण विद्यार्थी फराळाला येतात, आणि फराळ करता करता जग कुठवर आले ते मास्तरांना शिकवून जातात. गेल्या दिवाळीत आलेला हा मुलगा तुर्भ्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. चकलीचा तुकडा तोंडात टाकून त्याने खिशातला फोन काढला आणि म्हणाला,

‘‘सर, मी बार्सिलोनाचा भागीदार झालोय.’’

मी त्याचे अभिनंदन करणार तोच त्याने खुलासा केला. भागीदार म्हणजे शेअर वगैरे नव्हे; ‘फॅन टोकन’. संगणकाच्या वहीत नोंदलेले एक नाणे. ते खिशात वाजत नाही. पण विकत घेता येते, विकता येते, आणि त्याचा भाव रोज खालीवर होतो. ज्याच्याकडे ते असेल त्याला क्लबच्या काही निर्णयांवर मत देता येते.

‘‘किती घातलेस?’’

‘‘सहा हजार.’’

‘‘आणि आता?’’

तो दुसऱ्या चकलीकडे वळला. आमच्या सौभाग्यवतींनी विषय बदलून त्याच्या आईची चौकशी केली.

नंतर मी या प्रकरणाचा थोडा शोध घेतला. 2020 च्या जूनमध्ये बार्सिलोना क्लबने अशी 6 लाख टोकने प्रत्येकी 2 युरोंना विक्रीस काढली आणि ती दोन तासांच्या आत संपली. खेळाडूंच्या खोलीतील भिंतीवर कोणते चित्र रंगवावे, हा टोकनधारकांपुढे ठेवलेला पहिल्यावहिल्या प्रश्नांपैकी एक होता. इटलीतल्या युव्हेंटसच्या टोकनधारकांनी गोल झाल्यावर मैदानात कोणते गाणे वाजावे ते ठरवले. 2021 साली मेस्सी पॅरिसच्या क्लबात गेला तेव्हा त्याच्या स्वागताच्या रकमेतला काही भागसुद्धा या टोकनांत होता. आणि या व्यवहारातील सर्वांत मोठ्या कंपनीने स्वतःचे नाव काय ठेवावे? ‘सोसिओस’, म्हणजे स्पॅनिश भाषेत सभासद! बार्सिलोना क्लब 1899 पासून आहे आणि तो सभासदांच्याच मालकीचा आहे. लाखाहून अधिक सोसिओ वर्गणी भरतात, अध्यक्ष निवडतात, पटले नाही तर त्याला घरीही बसवतात. तिथे ‘सभासद’ या शब्दाला एवढे वजन आहे. तोच शब्द घेऊन दुकानाच्या पाटीवर लावला, की माझ्या विद्यार्थ्याला भागीदार झाल्याचा भास का होऊ नये?

इंग्लंडमधल्या पाठीराख्यांना मात्र असा भास झाला नाही. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबने 2019 साली ही योजना आणली तेव्हा तिथल्या लोकांनी मोहीमच उघडली. मत देण्यासाठी आम्ही पैसे मोजणार नाही, हे त्यांचे म्हणणे. बापजाद्यांपासून आम्ही पावसात उभे राहून या क्लबसाठी घसा कोरडा केला. तिकिटे काढली, सदरे विकत घेतले. आणि आता आमचे म्हणणे ऐकून घ्यायचे तर त्याचेही तिकीट? पुढच्या वर्षी तो व्यवहार बारगळला.

त्यांच्या तक्रारीत दोन भये एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती परस्परविरोधी आहेत ही त्यातली मौज आहे. पहिले भय असे, की या मताला काही किंमतच नाही. गाणे कोणते आणि चित्र कोणते, हे विचारायचे. तिकिटाचा दर, मैदानाची विक्री, प्रशिक्षकाची नेमणूक हे मात्र विचारायचे नाही. लग्नघरात लहान मुलांना ‘तुम्ही अत्तर लावायला उभे राहा’ म्हणून सांगतात, तसला हा मान. दुसरे भय नेमके उलट : उद्या या मताला खरोखरच किंमत आली तर? पुष्कळ मतदानांत टोकने जास्त तर मतेही जास्त, काही मर्यादेपर्यंत का होईना, असा हिशेब असतो. मग ज्याने क्लबचा एकही सामना पाहिलेला नाही, ज्याला चेंडूपेक्षा भावाचा आलेख अधिक प्रिय आहे, असा कुणी परका माणूस त्या गावाच्या क्लबचे भवितव्य ठरवील. म्हणजे मत खोटे असेल तर फसवणूक, आणि खरे असेल तर अन्याय. एखादी वस्तू खोटी निघाली तरी वाईट आणि खरी निघाली तरी वाईट, असे जेव्हा होते, तेव्हा दोष वस्तूत नसून ती विकण्यातच असावा, असे मला वाटते.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे याला एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

बरीच वर्षे झाली. मी शिकवीत होतो त्या शाळेत सातवीच्या मुलांचा एकुलता एक फुटबॉल फाटला. नवा आणायचा तर पैसे हवेत. मी प्रत्येकी 25 रुपये वर्गणी काढली, आणि नागरिकशास्त्राचा तास नुकताच आटोपून आलो असल्यामुळे मला एक कल्पना सुचली. ज्यांनी वर्गणी दिली त्यांनी मत देऊन कप्तान निवडावा! लोकशाहीचा धडा प्रत्यक्ष कृतीतून, अशा थाटात मी ते जाहीर केले. लगेच एक मुलगा उभा राहिला. ‘‘सर, माझ्या बाबांनी दोनशे दिलेत. मग माझी आठ मतं ना?’’ वर्ग हसला. मी त्याला ‘खाली बस’ म्हणालो. पण उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते, आणि आजही मला वाटते की त्या मुलाचे गणित बरोबर होते. चूक माझ्या उदाहरणातच होती. 25 रुपयांना एक मत ही किंमत एकदा मीच ठरवल्यावर दोनशेला आठ नाहीत असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

त्या वर्गात आणखी एक मुलगा होता, ज्याच्या घरून पैसे आले नाहीत. मैदानातले खड्डे मुरूम टाकून बुजवायला तो सगळ्यांच्या आधी यायचा. गोलाच्या जागी दगड मांडायचे, चुन्याने रेघा ओढायच्या, गटारात गेलेला चेंडू काढून धुवायचा, हे त्याचे काम. त्याला कुणी ते दिले नव्हते. मतदानाच्या वेळी तो मागच्या बाकावर बसून राहिला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘तुझे पंचवीस मी भरतो.’’ तो म्हणाला, ‘‘नको सर. मग ते तुमचं मत होईल.’’

त्यानंतर तो मैदानावर आला नाही. खड्डे पावसाळ्यात वाढले.

चकली खाणारा मुलगा तो हाच.

त्याला तो प्रसंग आठवतो की नाही, हे मी कधी विचारले नाही. मते विकत मिळतात हे त्याला पहिल्यांदा मी शिकवले. पुढे हातात पैसा आल्यावर त्याने ती घेतली, तर त्याला उपदेश करायला मी कोण? म्हणून त्या दिवशी मी त्याला उपदेश केला नाही, वाद घातला. वाद बरोबरीच्यांत होतो.

मी त्याला कोल्हापूरचे उदाहरण दिले. महाराष्ट्रात फुटबॉलवर वेड्यासारखे प्रेम करणारे गाव कोणते, तर ते मुंबई नव्हे, कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब — नुसती नावे वाचली तरी ध्यानात येते, की हे संघ आखाड्यांतून आणि पेठांतून उगवले आहेत. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीत अंग घुसळले, तिच्याच नावाने नातू छत्रपती शाहू स्टेडियमवर चेंडू मारतो. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. आता या तालमीचा मालक कोण? कागदोपत्री पदाधिकारी असतील. पण तालमीच्या कट्ट्यावर बसून कालच्या सामन्यातल्या बचावपटूची सालटी काढणाऱ्या वृद्धाला ‘तुमच्याकडे टोकन आहे का?’ असे विचारण्याची कुणाची छाती आहे? संघ वाईट खेळला तर खेळाडूला त्याच बोळातून घरी जायचे असते. तिथे मत मागावे लागत नाही. ते दारात उभे असते.

हे सारे गोडच आहे असे मी म्हणत नाही. याच प्रेमापोटी कोल्हापुरात दगडफेक झाली आहे, सामने थांबले आहेत, पोलिसांनी लाठ्या उगारल्या आहेत. पेठेचा अभिमान बोळाच्या तोंडाशी संपतो आणि तिथून वैर सुरू होते. तरीही कोल्हापूरकराला आपला संघ एका रात्रीत कुणी विकील ही भीती नाही, एवढे खरे.

मुंबईच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. 1962 साली सुरू झालेला महिंद्रा युनायटेडचा संघ 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता झाला, आणि 2010 साली कंपनीने तो बंद केला. कूपरेजवर त्याच्यासाठी ओरडलेल्या लोकांना कोणी विचारले? विचारण्याची पद्धतच नव्हती. मुंबई सिटीचे 65 टक्के भाग 2019 साली मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने घेतले. विजेतेपदे आली, आणि 2025 च्या डिसेंबरात तो समूह बाहेर पडला. आला तेव्हाही बातमी वाचून कळले, गेला तेव्हाही बातमी वाचूनच. कलकत्त्याला 2020 साली मोहन बागानसारख्या 1889 पासूनच्या संस्थेच्या फुटबॉल संघाला नव्या मालकांमुळे ‘एटीके’ ही तीन अक्षरे चिकटली. 1911 साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवल्याची आठवण ज्या नावात आहे, त्या नावापुढे दुसऱ्याच संघाचे नाव! लोकांनी निदर्शने केली, घोषणा दिल्या, मैदानावर जायचे सोडले. आणि 2023 साली ती अक्षरे गेली. त्या जागी मालकांनी दुसरे एक शेपूट लावलेच, पण ते असो. ती तीन अक्षरे पुसायला कोणाला टोकन लागले नाही.

‘‘सर, हे तुम्ही कोल्हापूर-कलकत्त्याचं सांगताय,’’ माझा विद्यार्थी म्हणाला. ‘‘मी सानपाड्याचा. इथे कुठली तालीम? कुठली पेठ?’’

याला उत्तर देणे सोपे नाही. मूळचे गावठाण सोडले तर आमच्या सानपाड्यात सगळेच बाहेरून आलेले : कुणी साताऱ्याहून, कुणी कोकणातून, कुणी मुंबईतल्या चाळीतून. सिडकोने सेक्टर दिले. सेक्टरला आकडा असतो, आखाडा नसतो. दोन स्टेशने पलीकडे नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. 2014 साली इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना तिथे झाला, 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपान्त्य सामना झाला. पण तो स्पेन आणि माली यांच्यात, आणि ती फायनल कोलकाता आणि केरळ यांच्यात. दिवे आमच्याकडे लागतात, संघ दुसऱ्यांचे खेळतात. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाने आपले प्रेम कुठे ठेवायचे? त्याने ते सात हजार किलोमीटरवरच्या एका शहरात नेऊन ठेवले. रात्री दीडला उठून, आईची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून, तो सामने पाहतो आणि सकाळी आठाला तुर्भ्याला हजर होतो. हे प्रेम वेस्ट हॅमच्या पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्याच्या प्रेमाहून कमी कसे म्हणायचे? आणि त्याला दाराबाहेर उभे करून ‘तू गावचा नाहीस’ म्हणणे, हाही पेठेचाच अहंकार नव्हे काय?

लांबच्या माणसांनी एकत्र येऊन क्लब चालवण्याचा प्रयोग याआधी एकदा झालाही होता. 2008 साली इंग्लंडमधला एब्सफ्लीट नावाचा लहानसा क्लब पंचवीस-तीस हजार लोकांनी प्रत्येकी 35 पौंड घालून विकत घेतला. तिथे भावाची चढउतार नव्हती. एका माणसाला एक मत. त्याच वर्षी क्लबने वेम्बलीवर एक चषकही जिंकला. मग पुढे? पुढे दरवर्षी वर्गणी भरायची वेळ आली, तसतसे सभासद गळत गेले, आणि 2013 साली उरलेल्यांनी आपले भाग सोडून दिले. उलट 2022 साली टोकनांच्या धंद्यातल्या अमेरिकनांनी क्रॉली गावचा क्लब घेतला आणि संघात कोणत्या जागी खेळाडू आणावा यावर आपल्या डिजिटल चकत्या घेतलेल्यांचे मतही मागितले. पहिल्या वर्षी तो क्लब खालच्या पायरीवर घसरता घसरता वाचला, प्रशिक्षकांची नुसती ये-जा चालली. पण 2024 साली तोच क्लब वरच्या पायरीवर चढला, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा बाहेरच्या पैशाने क्लब बुडतोच असा नियम मला करता येत नाही. कादंबरीकाराला असा नियम करता आला असता. मास्तराला उत्तरपत्रिका जशी असेल तशी तपासावी लागते.

मग मी आमच्या सोसायटीवर आलो. तीन खोल्यांचा धनी असो की एका खोलीचा, सर्वसाधारण सभेत त्याचा हात एकदाच वर होतो. 1960 सालच्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच ठेवले. प्रवरेच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला तो याच तत्त्वावर. पुढे काही कारखान्यांत एका मताचे काय झाले ते आपण सगळे जाणतो. पण तत्त्व वाईट नव्हते. जर्मनीतही 1998 पासून, काही अपवाद वगळता, क्लबातील निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या हाती राहिले पाहिजे असा नियम आहे. मी त्याला म्हणालो, ‘‘सोसायटीत मी गच्चीच्या डागडुजीविरुद्ध मत दिले, तर पावसाळ्यात पाणी माझ्याच डोक्यावर गळते. मत आणि गळती एकाच घरात राहतात. तुझ्या टोकनवाल्याचे काय? चुकीचे मत द्यावे, भाव पडायच्या आत टोकन विकावे आणि दुसऱ्या क्लबचे घ्यावे. ज्याला सहज निघून जाता येते त्याच्या हाती निर्णय देऊ नये.’’

मला वाटले, वाद मी जिंकला. मुद्दा बरा होता, आणि अजूनही मला तो बराच वाटतो.

त्याने शांतपणे फोनचा पडदा माझ्यापुढे धरला. ‘‘सर, सहा हजारांचे आता सहाशेही येत नाहीत. विकताना फायदा झालाच तर त्यावर सरकारला तीस टक्के. पण मी विकलं नाही. भाव पडायला लागला तेव्हाच बाकीचे गेले. मी कुठे गेलोय?’’

‘‘मत तरी कशाकशाला दिलेस?’’

‘‘एकदा दिलं. कसलंतरी चित्र होतं बहुतेक. नंतर नाही दिलं.’’

‘‘मग ठेवलेस कशाला?’’

त्याने खांदे उडवले. वहीत नाव राहतं, असे काहीसे तो पुटपुटला, आणि फोन खिशात टाकून आमच्या घरातल्यांच्या पाया पडून निघाला. दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि खाली कोण खेळताहेत ते वाकून पाहू लागला. मुलांचा चेंडू नाल्यात गेला होता आणि तो काढायचा कोणी यावरून तंटा चालू होता. चेंडूचा मालक हातांची घडी घालून उभा होता. माझ्या विद्यार्थ्याने नवे बूट काढून जिन्यात ठेवले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो खाली गेला.

दिवाळी उलटून काही दिवस झाले असतील. पहाटे फोन किणकिणला. चष्मा शोधून पाहिले, तर त्याचा निरोप : ‘सर, हरलो.’

मी ‘झोप आता’ असे लिहून पाठवले.